सरासरीच्या आड राहिलेली गावे

आरोग्यसेवेची आखणी करताना आपल्याकडे लोकसंख्या हा प्रमुख निकष मानण्यात आला आहे. सपाटीच्या प्रदेशात ५,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ व आदिवासी भागासाठी हेच प्रमाण अनुक्रमे ३,००० व २०,००० असे शिथिल केलेले आहे. या सवलतीमागील हेतू स्तुत्य आहे. ती पुरेशी आहे काय, हे मात्र नकाशा समोर ठेवल्यावाचून कळत नाही.

गडचिरोली जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला अवघी ७४, तर राज्याची ३६५. प्रत्येक ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र धरले तरी येथे एका उपकेंद्राच्या वाट्याला सरासरी ४० चौरस किलोमीटरचा मुलूख येतो. राज्याच्या सरासरी घनतेच्या सपाट भागात ५,००० लोकांचे उपकेंद्र १४ चौरस किलोमीटरच्या आतच आटोपते. म्हणजे सवलत देऊनही आरोग्यसेविकेचे कार्यक्षेत्र जवळजवळ तिप्पट! त्यात जंगल आणि नाले. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क कित्येक पावसाळ्यांत तुटला आहे. कार्यालयातील तक्त्यात हे अंतर दिसत नाही. तेथे उपकेंद्र आहे, एवढीच नोंद असते.

विषमता कमी करावयाची तर माणसांबरोबर अंतर आणि ऋतू यांचाही हिशेब नियोजनात धरावा लागतो. १९९५ मध्ये राज्याने आदिवासी भागासाठी सुरू केलेल्या नवसंजीवन योजनेत पावसाळ्यापूर्वीची तयारी व भरारी वैद्यकीय पथके यांना स्थान मिळाले, ते याच जाणिवेतून. पुढे ‘माहेरघर’ आले. दूरच्या गावातील गरोदर मातेने प्रसूतीच्या काही दिवस आधीच आरोग्य केंद्राच्या आवारात येऊन राहावे, ही त्यातील साधी कल्पना.

दुसरी वाट याच जिल्ह्याने दाखविली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बालकांच्या काळजीचे शिक्षण देऊन घरोघरी पाठविले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींच्या रूपाने ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. रुग्ण केंद्रापर्यंत पोचत नसेल, तर सेवेनेच उंबरठा गाठावा, हे तिचे सूत्र.

तथापि कोणता टोला किती दिवस तुटतो, कोणत्या घरी बाळंतपण जवळ आले आहे, ही माहिती जिल्ह्याच्या सरासरीत सापडणार नाही. ती ग्रामपंचायत सदस्यांना, आशाताईंना आणि शाळेच्या गुरुजींना ठाऊक असते. टोल्यांच्या नावांनिशी अशी यादी मे महिन्यातच वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हाती पडली, तर कोणत्या मातेला माहेरघरी केव्हा आणावयाचे, हे पहिल्या पुरापूर्वी ठरविता येते.