म्हातारा खलाशी पुन्हा निघतो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इंग्रजी कवितेत एक म्हातारा राजा आहे. युद्ध जिंकून, वीस वर्षांनी घरी परतलेला. घरी बायको आहे, मुलगा कर्ता झाला आहे, राज्य सुरळीत आहे. पण राजाला करमत नाही. खडकाळ बेटावरच्या लोकांचे तंटेबखेडे सोडवत दिवस ढकलायचे, याचा त्याला वीट आला आहे. शेवटी तो कारभार मुलाच्या हाती देतो, बंदरावर येतो आणि आपल्यासारख्याच पांढऱ्या केसांच्या खलाशांना पुन्हा समुद्रावर निघण्याची साद घालतो. मरण जवळ आलंय हे त्याला माहीत आहे. तरीही त्याला सूर्य मावळतो त्या दिशेला जायचं आहे.

ही आल्फ्रेड टेनिसन यांची ‘युलिसिस’ ही कविता. जेमतेम सत्तर ओळींची, यमक नसलेली. एकच माणूस बोलतो आणि आपण ऐकतो, म्हणजे आपल्या नाटकातल्या स्वगतासारखी तिची बांधणी आहे. आमच्या पिढीत बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या बहुतेकांच्या वाट्याला ती आलेली असते. वर्गात तिचा अर्थ एका वाक्यात सांगितला जाई: ‘कधी हार मानू नका.’ तेवढंच लिहिलं तरी गुण मिळत. पण कविता त्या वाक्यात मावत नाही.

हे बोल म्हाताऱ्याचे असले तरी लिहिणारा म्हातारा नव्हता, ही पहिली गोष्ट. टेनिसनचा जन्म १८०९चा. १८३३च्या सप्टेंबरमध्ये त्याचा जिवलग मित्र आर्थर हॅलम व्हिएन्नात अचानक वारला. हॅलम बावीस वर्षांचा होता आणि टेनिसनच्या बहिणीशी त्याचं लग्न ठरलेलं होतं. त्यानंतर काही आठवड्यांतच टेनिसननं ‘युलिसिस’ लिहिली, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. मित्र गेला तरी आपल्याला पुढं जायलाच हवं, ही भावना या कवितेत आहे, असं त्यानं पुढं स्वतःच सांगितलं. म्हणजे म्हाताऱ्याचा मुखवटा घालून एक तरुण आपलं दुःख बोलत होता. त्याच सुमारास त्यानं टिथोनस नावाच्या दुसऱ्या म्हाताऱ्यावरही कविता लिहायला घेतली. टिथोनसला अमरत्व मिळालं, पण तारुण्य मिळालं नाही. म्हणून तो मरणाची भीक मागतो. एक म्हातारा म्हणतो मला जगायचंय, दुसरा म्हणतो मला सोडवा. दोघंही एकाच मरणाच्या बातमीतून निघालेले. माझ्या मते या दोन कविता एकत्र वाचल्याशिवाय पहिलीतला आवेश कशावर उभा आहे ते कळत नाही.

आता मूळ गोष्ट. ग्रीक महाकवी होमर याच्या ‘ओडिसी’त नायकाचं नाव ओडिसियस. युलिसिस हे त्याचंच लॅटिन नाव. ट्रॉयच्या युद्धात दहा वर्षं आणि परतीच्या वाटेवर दहा, असा हिशेब. घरी पोचेपर्यंत त्याचे सगळे सोबती मेलेले असतात. मग टेनिसनच्या कवितेत बंदरावर उभे असलेले म्हातारे खलाशी कुठून आले? होमरचा हजेरीपट टेनिसननं पाहिला नाही, असं मुळीच नाही. कवीला सोबती हवे होते, म्हणून त्यानं ते उभे केले.

होमरनंही ओडिसियसला एक शेवटचा प्रवास लावून दिलेला आहे, पण तो जमिनीवरचा. टायरेसियस नावाचा आंधळा द्रष्टा त्याला सांगतो, की घरी पोचलास की खांद्यावर होडीचं वल्हं घे आणि चालत सुट. जिथले लोक समुद्र जाणत नाहीत, जेवणात मीठ घालत नाहीत, अशा मुलखापर्यंत जा. वाटेत भेटलेला एखादा माणूस तुझ्या वल्ह्याला धान्य उफणायचं साधन समजेल. तिथंच वल्हं जमिनीत रोव आणि समुद्रदेवाला बळी दे. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण तो थेट आमच्या वरवट बकालसारख्या गावाकडे येणारा रस्ता आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. खळ्यावर तिवई मांडून, वाऱ्याचा अंदाज घेत धान्य उफणलेली माणसं इथं अजून आहेत. वल्हं पाहून कुणीही विचारलं असतं, ‘हे खळ्यावरचं का होय?’ मिठाची अट मात्र इथं पार पडली नसती. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा भाग खारपाणपट्टा. समुद्र नाही, पण विहिरीचं पाणी खारट!

टेनिसननं हा जमिनीवरचा रस्ता सोडला आणि इटालियन कवी दान्तेचा धरला. दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’त युलिसिस नरकात भेटतो, ज्वाळेत गुंडाळलेला. आपल्या शेवटच्या सफरीची हकिगत तो स्वतः सांगतो. मुलाची माया, म्हाताऱ्या बापाबद्दलचं कर्तव्य, बायकोचं देणं, यातलं काहीच त्याला अडवू शकलं नाही. सोबत्यांना गोड बोलून त्यानं माणसाला घालून दिलेल्या हद्दीपलीकडे नेलं आणि जहाज बुडालं. तीच गोष्ट, तोच माणूस. पण दान्ते त्याला नरकात ठेवतो आणि टेनिसन त्याच्या तोंडी असं भाषण देतो, की दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या कॅप्टन स्कॉट आणि त्याच्या सोबत्यांसाठी १९१३मध्ये अंटार्क्टिकात जो क्रूस उभारला, त्यावर या कवितेची शेवटची ओळ कोरली गेली.

मग हा म्हातारा वीर की जबाबदारी टाकून पळणारा? अभ्यासकांत याबद्दल वाद आहे. मी त्यात आमच्या गावाच्या बाजूनं थोडं बोलतो.

आमच्याकडेही म्हातारी माणसं निघतात. आषाढीच्या आधी शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी निघते. महिनाभराची चाल. आमच्या ओळखीतले एक सत्तरीचे शेतकरी दरवर्षी वारीला जात. मुलं म्हणत, ‘यंदा राहू द्या, गुडघे दुखतात.’ ते म्हणत, ‘काय करू बापा घरी बसून?’ बरोबर हेच युलिसिसचं म्हणणं आहे, फक्त त्याला सत्तर ओळी लागल्या. आमच्या मोहल्ल्यातल्या बुजुर्गांचंही तसंच. १९९५पर्यंत हाजी मुंबईहून जहाजानं जिद्दाहला जात. ज्यानं आयुष्यात तळ्यापेक्षा मोठं पाणी पाहिलं नाही, तो उतारवयात अरबी समुद्र ओलांडून येई आणि मरेपर्यंत लाटांच्या गोष्टी सांगे. इबादतीची गोष्ट तो थोडक्यात आटपी, समुद्राची मात्र रंगवून सांगे.

पण या जाण्याला शिस्त होती. हजला जाणाऱ्यानं आधी कर्ज फेडायचं, मागं राहणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय करायची. निघण्यापूर्वी घरोघरी जाऊन ‘कहा-सुना माफ करा’ म्हणायचं. टेनिसनचा युलिसिस हे म्हणत नाही. मुलाबद्दल तो दहाअकरा ओळी बोलतो, शांतपणे राज्य करील म्हणून त्याची तारीफही करतो. त्या तारिफेत ‘तू तुझं कर, मी माझं करतो’ असा सूर आहे. आणि जिनं वीस वर्षं वाट पाहिली त्या पेनेलोपीचं तो नावही घेत नाही. एक वय झालेली बायको, एवढाच तिचा उल्लेख.

मराठीत या गोष्टीला जवळचं आयुष्य शोधलं तर मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. जन्म १८६१. पाय एका जागी न ठरणारा माणूस. आमच्या विदर्भात, नागपुरातही ते काही काळ होते. १८९५मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या आणि १९००मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढं सगळं स्थिरस्थावर झाल्यावर, १९१७मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनचं वेतन सोडलं, संन्यासी वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९च्या मे महिन्यात ते वारले. डाव मांडून दोन वर्षंही झाली नव्हती.

इथंही निघणं देवाच्या नावानं आहे, आणि म्हणून आपण टिळकांना नमस्कार करतो. युलिसिस कुणाच्याच नावानं निघत नाही. मला वाटतं, दान्तेला तेच खुपलं असावं. पण टिळकांच्या गोष्टीत एक गोष्ट होमरलाही साधली नाही. इथली पेनेलोपी बोलते. रीतसर शाळा न शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं आणि अचानक उठून चालू पडणाऱ्या नवऱ्याबरोबर संसार करणं म्हणजे काय, ते हसत हसत, रागावत, कुठंही रडगाणं न गाता सांगून टाकलं. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं राहिलं होतं. त्याचे उरलेले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. निघालेल्या माणसाचा प्रवास घरी थांबलेल्या बाईनं पुरा केला, असं उदाहरण माझ्या तरी वाचनात दुसरं नाही.

‘युलिसिस’ छापली गेली १८४२मध्ये. बरोबर शंभर वर्षांनी, १९४२मध्ये, कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ आला, त्यात ‘कोलंबसाचे गर्वगीत’ आहे. दोन्ही कवितांत समुद्र आहे, सोबती आहेत, न थांबण्याची ईर्षा आहे. कुसुमाग्रजांचा कोलंबस मात्र भर वादळात आहे, म्हातारपणाशी त्याचं काही देणंघेणं नाही. कवी तिशीचा, देश स्वातंत्र्याच्या झुंजीत. त्यांचा म्हातारा १९७०मध्ये आला, ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर. यांनीही युलिसिससारखं सगळं मुलांच्या हाती दिलं. पण युलिसिस देऊन निघतो, गणपतरावांनी देऊन घरातच राहायचं ठरवलं आणि अपमान होऊन बाहेर पडले. युलिसिसला समुद्राची ओढ, यांना रंगभूमीची. दोघांनीही आयुष्यात जे जे केलं, ते त्यांच्या अंगात असं भिनलंय, की त्यातून वेगळा माणूस काढताच येत नाही. एक फरक मला मोठा वाटतो: गणपतराव घर सोडतात तेव्हा कावेरी बरोबर असते. शिरवाडकरांनी पेनेलोपीला मागं ठेवलं नाही. वाटेत ती मरते, आणि त्यापुढं म्हाताऱ्याच्या बोलण्यातला डौल उसना वाटू लागतो.

टेनिसन स्वतः त्र्याऐंशी वर्षं जगला. १८८९मध्ये, ऐंशी वर्षांचा असताना, वाइट बेटाकडे जाताना एक छोटी खाडी ओलांडता ओलांडता त्याला ‘क्रॉसिंग द बार’ ही कविता सुचली. पुन्हा समुद्र, पुन्हा संध्याकाळ, पुन्हा शेवटचा प्रवास. मात्र या खऱ्या म्हाताऱ्याला वादळ नको आहे. भरतीचं पाणी शांत असावं आणि निघताना कुणी रडू नये, एवढंच तो मागतो. कविता सोळा ओळींची. आपल्या कवितांच्या प्रत्येक आवृत्तीत ती सगळ्यात शेवटी छापा, असं त्यानं मुलाला सांगून ठेवलं होतं.