स्वस्तातला कॅट आणि सात पानांचे गणित

पत्त्यांच्या बहुतेक खेळांत कॅट एकच असतो आणि तो सर्वांचा असतो. रमी असो की मेंढीकोट, पिसून वाटलेली पाने कोणाच्या वाट्याला कशी येतील ते नशीब ठरवते. पण प्रत्येक खेळाडूने आपला कॅट घरूनच तयार करून आणायचा असे ठरले तर? म्हणजे कोणती पाने ठेवायची आणि प्रत्येकाच्या किती प्रती ठेवायच्या, हे ज्याचे त्याने ठरवायचे. नशीब तरीही उरतेच, कारण पिसावे लागते. मात्र त्या नशिबाला आधीच थोडे वळण लावता येते.

ही कल्पना ज्याला सुचली तो गणिताचा माणूस होता, याचे आम्हांला नवल वाटत नाही. रिचर्ड गारफील्ड यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हर्बर्ट विल्फ यांच्या मार्गदर्शनाखाली चयनगणितात डॉक्टरेट मिळवली ती १९९३ साली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने बाजारात आणला. आपल्याकडच्या शहरांतील दुकानांत पोकेमॉनच्या पत्त्यांची जी बंद पाकिटे दिसतात, ती याच खेळाच्या वंशातली.

आणि शिक्षकांच्या कपाळावर आठी पडते ती या बंद पाकिटांमुळेच. आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. १९९० च्या दशकातील मॅजिकच्या नेहमीच्या पाकिटात १५ पाने असत: ११ सामान्य, ३ कमी आढळणारी आणि १ दुर्मिळ. समजा, एका संचात १०० प्रकारची दुर्मिळ पाने आहेत आणि मुलाला त्यांतले एक ठरावीक पान हवे आहे. प्रत्येक पाकिटात ते मिळण्याची शक्यता १०० त १. मग १०० पाकिटे घेतली की ते मिळणारच, असे वर्गातली बरीच मुले सांगतील. तसे नाही. शंभरही पाकिटांत ते नसण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७ आहे. शंभर पाकिटे फोडणाऱ्या दर तीन मुलांपैकी साधारण एकाच्या हाती ते पान लागणार नाही, आणि पैसे मात्र तिघांचेही गेलेले असतील! सामान्य पानांचेही १०० प्रकार धरले, तर ठरावीक सामान्य पान सरासरी नऊ पाकिटांमागे एकदा सापडते. म्हणून अनुभवी खेळाडू पाकिटे फोडत बसत नाहीत, हवी ती पाने सुटी विकत घेतात किंवा अदलाबदल करतात. फक्त सामान्य पानांनी खेळण्याचा ‘पॉपर’ नावाचा प्रकारही आहे. पॉपर म्हणजे कंगाल! खेळाडूंनी रुजवलेल्या या प्रकाराला छापील पत्त्यांसाठी २०१९ साली अधिकृत मान्यता मिळाली.

दुर्मिळ पान म्हणजे चांगले पान, ही समजूत मुलांच्या मनात पक्की असते. दुर्मिळता ही छापखान्याने ठरवलेली गोष्ट आहे. पान उपयोगी आहे की नाही हे त्याच्या शेजारी कॅटमध्ये आणखी काय आहे यावर अवलंबून असते. हे उदाहरणाने पाहू.

आधी खेळाचे जुजबी नियम. कॅटमध्ये निदान ६० पाने हवीत. सुरुवातीला ७ पाने हातात घ्यायची, पुढे प्रत्येक डावात एक उचलायचे. काही पाने ‘भूमी’ची असतात. भूमीतून ‘माना’ नावाची शक्ती मिळते आणि इतर पाने खेळायला ती खर्चावी लागते. एका डावात एकच भूमी मांडता येते. दोन्ही खेळाडूंचे गुण २० पासून सुरू होतात. ज्याचे शून्यावर येतात तो हरला. एका नावाच्या पानाच्या ४ हून अधिक प्रती ठेवायच्या नाहीत, साध्या भूमीला मात्र ही मर्यादा नाही.

आता एखादी कल्पना धरून कॅट बांधू. आम्ही एल्फ निवडले. युरोपीय लोककथांत अरण्यात राहणारे हे चिमुकले वीर या खेळात मुबलक आहेत, आणि त्यांची पुष्कळशी पाने सामान्य गटातली आहेत.

पहिला प्रश्न भूमी किती ठेवायच्या हा. ६० पानांच्या कॅटला २४ भूमी हा रूढ ठोकताळा आहे. ६० पानांतून ७ पाने निवडण्याचे प्रकार होतात ३८,६२,०६,९२०. त्यांपैकी एकही भूमी नसलेले, म्हणजे उरलेल्या ३६ पानांतून ७ निवडण्याचे, प्रकार ८३,४७,६८०. भागाकार केला की २.२ टक्के. एकच भूमी येण्याची शक्यता १२.१ टक्के. म्हणजे १४ टक्क्यांहून अधिक वेळा खेळाडू डावाच्या आरंभीच अडकतो. (उरलेल्या पायऱ्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी कराव्यात. या वितरणाला हायपरजॉमेट्रिक वितरण म्हणतात. परत न ठेवता काढलेल्या चेंडूंची जी उदाहरणे पाठ्यपुस्तकांत असतात, ती हीच.)

एल्फांच्या कॅटची गंमत येथे सुरू होते. ‘लॅनोवार एल्व्ह्ज’ हे १९९३ सालच्या पहिल्याच संचातले पान. एक माना देऊन ते मांडले, की पुढल्या डावापासून ते स्वतःच दर डावाला एक माना देते. चालती-बोलती भूमीच म्हणा ना. नियमाप्रमाणे त्याच्या ४ प्रती ठेवता येतात. पहिल्या ७ पानांत चारांपैकी निदान एक येण्याची शक्यता ४० टक्के. पण पुढे हेच काम करणारी ‘फिंडहॉर्न एल्व्ह्ज’ आणि ‘एल्व्हिश मिस्टिक’ ही पानेही निघाली. काम तेच, नाव वेगळे. नियम नावावर आहे, कामावर नाही! तेव्हा ४ च्या ८ प्रती केल्या तर शक्यता ६५ टक्के होते, १२ केल्या तर ८१ टक्के. प्रती तिप्पट झाल्या तरी शक्यता तिप्पट होत नाही, हे वर्गात थांबून सांगण्याजोगे आहे.

या बारा पानांच्या जोरावर भूमी २० वर आणू. एकही भूमी न येण्याची शक्यता आता ४.८ टक्के आणि एकच येण्याची १९.९ टक्के होते. बेरीज जवळजवळ २५. हे वाईटच दिसते. परंतु एक भूमी आणि सोबत त्या बारांपैकी एखादा एल्फ असेल तर दुसऱ्या डावात दोन माना मिळतात आणि गाडी चालू लागते. एकही भूमी नसणे किंवा एक भूमी असून असा एल्फ नसणे, एवढेच खरे अडकणे धरले तर शक्यता ६.८ टक्क्यांवर उतरते. २४ भूमींच्या कॅटहून निम्म्यापेक्षाही कमी. अर्थात एका भूमीवर विसंबणे धोक्याचेच, कारण प्रतिस्पर्धी तो एकुलता एल्फ मारू शकतो. अशा हातानंतर पुढच्या दोन उचलींत निदान एक भूमी येण्याची शक्यता ५९ टक्के आहे. हा धोका पत्करायचा की सातही पाने बदलून मागायची, हे खेळाडूने ठरवायचे.

पुढची भरती सोपी आहे. दोन मानांची तीन पाने: ‘एल्व्हिश व्हिजनरी’ मांडताना एक पान उचलून देते, ‘वेलविशर’ मैदानातल्या प्रत्येक एल्फामागे एक गुण वाढवते, ‘प्रीस्ट ऑफ टिटॅनिया’ प्रत्येक एल्फामागे एक माना देते. तीन मानांचा ‘टिंबरवॉच एल्फ’ जितके एल्फ मैदानात असतील तितके बळ एखाद्या वीराला त्या डावापुरते देतो. चार मानांचा ‘लिस अलाना हंटमास्टर’ दर नव्या एल्फाबरोबर आणखी एक छोटा एल्फ उभा करतो. प्रत्येकी चार प्रती धरल्या तर भूमींसह ५२ पाने झाली. उरलेल्या ८ जागा ज्याच्या त्याच्या आवडीच्या.

यांतले एकेक पान सुटे पाहिले तर किरकोळ आहे. मैदानात ४ एल्फ आहेत आणि त्यांतले २ टिंबरवॉच आहेत असे समजा. प्रत्येक जण ४ बळ देतो, एकूण ८. आता सर्वच दुप्पट करू: ८ एल्फ, त्यांत ४ टिंबरवॉच. एकूण बळ ३२! संख्या दुप्पट झाली, परिणाम चौपट झाला, कारण येथे मोजणारे आणि मोजले जाणारे यांचा गुणाकार होतो. एकाच कल्पनेभोवती बांधलेला स्वस्त कॅट महागड्या पानांच्या खिचडीला भारी पडू शकतो, तो या गुणाकारामुळे.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. ‘पायरोक्लाझम’ नावाचे दोन मानांचे एक पान मैदानातल्या प्रत्येक वीराला २ इजा करते. आपले बहुतेक एल्फ १ किंवा २ इजेने मरणारे, तेव्हा हंटमास्टरखेरीज सारे गारद. सगळ्या शेतात एकच वाण पेरणाऱ्याला एका रोगाची जी धास्ती असते, तीच ही. म्हणून हातातले सगळे एल्फ एकदम मांडू नयेत, दोन-तीन राखून ठेवावेत. किती राखावेत, याचे उत्तर मात्र सूत्रात बसत नाही. समोरच्याचा स्वभाव ओळखावा लागतो.

हे सारे वर्गात करायला एकही पत्ता विकत घ्यावा लागत नाही. जुन्या पत्रिकांच्या पुठ्ठ्याचे सारख्या आकाराचे ६० तुकडे कापावेत. २० वर ‘भू’, १२ वर ‘ए’ लिहावे, बाकीचे कोरे. चांगले पिसून ७ उचलायचे, नोंद करायची, परत मिसळायचे. चाळीस मुलांनी पाच-पाच वेळा केले की २०० नोंदी होतात. त्यांत अडकलेले हात १३-१४ च्या आसपास यावेत. एखाद्या वर्गात ९ येतील, एखाद्यात २० येतील. तो फरक का पडतो, याची चर्चा मूळ गणिताइतकीच रंगते. पिसण्यात हयगय झाली तर आकडे भलतीकडेच जातात, तेही मुलांना स्वतःच शोधू द्यावे.

ज्यांचे एवढ्यावर समाधान होणार नाही त्यांच्यासाठी: भूमी २० ऐवजी १७ च ठेवल्या आणि ‘ए’ बाराच राहिले, तर अडकण्याची शक्यता किती? उत्तर ११.६ टक्के यावयास हवे.