गाडीचा वर्ग कोणता?

मोटारींची शर्यत म्हटली की सर्वांत वेगवान गाडी पहिली येणार, त्यात समजून घेण्यासारखे काय आहे, असे कोणीही विचारील. परंतु अमेरिकेतील हौशी मंडळींच्या ‘ऑटोक्रॉस’ या खेळात शर्यतीआधीच मोठा खल चालतो, आणि तो एकाच प्रश्नाचा : ही गाडी बसवायची कोणत्या वर्गात? माझे वडील गॅरेजमध्ये फिटर आहेत, त्यामुळे मला या प्रश्नाची गोडी लागली.

१९४४ साली स्थापन झालेली स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था हा खेळ ‘सोलो’ या नावाने चालविते. मोकळ्या पटांगणावर प्लॅस्टिकचे शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात. प्रत्येक गाडीने स्वतंत्र धावायचे आणि वेळ नोंदवायची. शंकू पाडला की दोन सेकंद दंड. उंच व अरुंद गाड्या उलटण्याच्या भीतीने घेतच नाहीत.

आता वर्गांकडे वळू. पहिली कसोटी अशी की, कारखान्यातून निघाल्यावर मालकाने गाडीत काय काय बदलले? ‘स्ट्रीट’ गटात ब्रेकचे पॅड, शॉक अॅब्सॉर्बर असे मोजकेच बदल चालतात. स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली की तिला ‘स्ट्रीट’चे दार बंद, तिने पुढच्या गटात जावे. ‘स्ट्रीट प्रिपेअर्ड’, ‘स्ट्रीट मॉडिफाइड’ असे करीत ही चढण थेट ‘मॉडिफाइड’पर्यंत, म्हणजे केवळ शर्यतीसाठीच बांधलेल्या गाड्यांपर्यंत जाते. एकच न चालणारा बदल केला, तरी बाकी सारी गाडी साधी असूनही तिची गाठ तयारीच्या गाड्यांशी पडते.

टायरचा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. टायरच्या कडेवर झिजेचा एक आकडा छापलेला असतो. ‘स्ट्रीट’मध्ये तो किमान २०० हवा. मऊ रबर वळणावर रस्ता घट्ट धरते, पण लवकर झिजते. हा नियम नसता, तर पैसेवाल्याने दर थोड्या दिवसांनी नवे टायर घालून इतरांना मागे टाकले असते.

दुसरी कसोटी गाडीच्या मूळ ताकदीची. शोरूममधून आलेली कॉर्व्हेट आणि एखादी छोटी साधी गाडी यांना एका रांगेत उभे करणे म्हणजे दांडगा पैलवान पोराच्या अंगावर सोडणे. म्हणून ‘स्ट्रीट’ गटाचेही अनेक वर्ग पाडले आहेत.

निरनिराळ्या वर्गांतील गाड्यांची तुलना करण्यासाठी गुणक असतो. समजा, एकीला ६० सेकंद लागले व तिचा गुणक ०.८०, हिशेबी वेळ ४८. दुसरीला ५५ लागले, पण गुणक ०.९०, वेळ ४९.५. हळू धावलेली पुढे! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. गुणपत्रिकांनाही असा गुणक असता तर, असे मनात येऊन गेले. पण यातही मेख आहे. हे गुणक मोठ्या स्पर्धांच्या निकालांवरून काढतात. एखाद्या वर्गात कसलेले चालक जमले की तो वर्गच वेगवान दिसतो आणि गुणक कडक होतो. म्हणजे गाडी मोजायला निघालेल्या आकड्यात माणूस मिसळतोच.

तरीही तो लागतो. लहान क्लबात कित्येकदा एका वर्गात एकच गाडी येते. तिचा मालक वर्गात पहिलाही असतो आणि शेवटचाही. बक्षीस खिशात टाकून तो मुकाट्याने गुणकाच्या यादीत आपले नाव शोधू लागतो.