छोट्या कुत्र्यासह कोयनेच्या काठी. आणि तेथून गुहागरच्या वाळूवर

सदनिकेत वाढलेल्या छोट्या कुत्र्याच्या वाट्याला मोकळी जमीन फारशी येत नाही. 'हच' कंपनीच्या २००३ मधील जाहिरातीने पग घराघरांत पोहोचवला खरा. परंतु त्या पगला मुलामागे हिंडायला गोव्यातील मोकळ्या वाटा होत्या. पुण्या-मुंबईतील त्याच्या भाऊबंदांना लिफ्ट आणि वाहनतळच ठाऊक. त्यामुळे सुटी लागली की, कुत्र्यासह कोठे जावे, हा प्रश्न अनेक कुटुंबांना पडतो. अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात १९७२ पासून समुद्रकिनाऱ्याचा एक भाग कुत्र्यांना मोकळे सोडण्यासाठी राखून ठेवण्यात आला आहे. आपल्याकडे ती पद्धत रुजलेली नाही. कोठे जावे आणि कोठे थांबावे, याचा निर्णय मालकालाच करावा लागतो.

कऱ्हाडहून चिपळूणकडे जाताना लागणारे कोयनानगर या दृष्टीने मोठे मोहात पाडणारे ठिकाण आहे. सुमारे १०५ अब्ज घनफूट क्षमतेचा शिवसागर जलाशय उन्हाळ्यात आटत जातो, तसा त्याचा काठ उघडा पडतो. मे महिन्यात काही ठिकाणी पाण्यापर्यंत उतरत जाणारा, माणसांचा वावर नसलेला विस्तीर्ण पट्टा दिसतो. कुत्र्याचा पट्टा सोडून द्यावा, असे कोणालाही वाटेल. नेमके तेच करू नये.

पहिले कारण साधे आहे. पाणी नुकतेच ओसरलेल्या जागी वरचा थर उन्हाने वाळलेला दिसतो, पण खाली गाळ ओलाच असतो. पाच-सहा किलोचा कुत्रा त्यावरून सहज जातो. त्याच्यामागे धावणारा मालक मात्र रुततो. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात उतरणे तर त्याहून धोक्याचे. पायथा वीजगृहातून साधारण २१०० क्युसेक पाणी सोडले जाते, तेव्हा कोरड्या दिसणाऱ्या खडकांना थोड्या वेळात पाण्याचा वेढा पडतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जलाशयाभोवतीचे जंगल १९८५ मध्ये कोयना अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०१० मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. अभयारण्यात प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी लागते आणि पाळीव कुत्रा आत नेता येत नाही. हा नियम अनेकांना जाचक वाटतो. 'आमचा एवढासा कुत्रा वाघाला काय करणार?' असे विचारले जाते. प्रश्न त्याच्या दातांचा नाही, त्याच्या अंगावरून किंवा श्वासातून जाणाऱ्या रोगाचा आहे. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या जंगलात २३ सिंह दगावले. त्यानंतर झालेल्या तपासणीत काही सिंहांमध्ये कुत्र्यांना होणाऱ्या 'डिस्टेंपर' रोगाचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला आढळला. सह्याद्रीत कोळसून, म्हणजे रानकुत्री आहेत. ती तर आपल्या कुत्र्यांची जवळची नातलग. घरच्या कुत्र्याचे लसीकरण पूर्ण असेल, तर तो हा रोग घेऊन येण्याची भीती फारच कमी होते. पण अभयारण्याच्या फाटकावर प्रत्येकाची लस तपासत बसणे व्यवहार्य नाही, म्हणून सरसकट बंदी हाच मार्ग उरतो. प्रस्तुत प्रतिनिधीला तरी ती योग्यच वाटते.

या हिशेबाची दुसरी बाजू बिबट्याची आहे. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या विष्ठेचा विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये 'ओरिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भक्ष्याच्या वजनाच्या हिशेबाने बिबट्यांच्या आहारात माणसाच्या आश्रयाने राहणाऱ्या प्राण्यांचा वाटा ८७ टक्के होता; त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. अकोल्याचा मुलूख शेतीचा, कोयनेचा जंगलाचा. आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तरीही कुत्रा हे बिबट्याचे आवडते खाद्य आहे, एवढे त्यातून स्पष्ट होते. म्हणून कोयनानगरला मुक्काम करायचा असेल, तर कुत्र्याला पडवीत बांधून ठेवू नये. रात्री खोलीतच घ्यावे. सूर्यास्तानंतर आणि पहाटे फेरी टाळावी. दिवसा आखूड पट्टा लावून वस्तीतल्या रस्त्यावरून फिरवावे. उद्यानात न्यायचे असेल, तर आधी दारावर विचारून घ्यावे. उरलेले अन्न बाहेर टाकू नये; त्यावर भटकी कुत्री येतात आणि त्यांच्यामागे बिबट्या.

मग कुत्र्याने धावायचे कोठे? त्यासाठी कुंभार्ली घाट उतरावा. कोयनेचे पाणीही बोगद्यांतून पोफळीला उतरून वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठी नदीला मिळते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्रात जाते. त्या खाडीच्या दक्षिणेला गुहागर आहे. कित्येक किलोमीटर लांबीचा हा किनारा सकाळी बराचसा मोकळा असतो.

येथेही एक पथ्य आहे. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ मध्ये वेळासला कासव संरक्षणाचे काम सुरू केले, तेव्हापासून अंडी उकरणाऱ्या कुत्र्यांचा आणि कोल्ह्यांचा प्रश्न आहेच. कासवांची घरटी भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत असतात. तेव्हा ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवरूनच, लांब दोरी लावून कुत्र्याला धावू द्यावे. ओली वाळू थंडही असते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला ऊन लवकर बाधते, त्यामुळे नऊच्या आत परतावे. गोडे पाणी सोबत न्यावे. तहानलेला कुत्रा खारे पाणी पितो आणि मग गाडीत उलट्या करतो.

रेबीज व एकत्रित लस निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे दिलेली असावी. पावसाळ्यात कोकणात लेप्टोचा धोका असतो, म्हणून एकत्रित लशीत त्याचा समावेश आहे ना, हे पशुवैद्यकाला विचारावे. परतताना अंगावरचे मीठ गोड्या पाण्याने धुऊन टाकावे. बोटांच्या बेचक्यांत आणि कानांमागे गोचीड आहे का, तेही गाडीत बसण्यापूर्वीच पाहावे.