ठासणीचे पिस्तूल : दारूचे माप व नेम

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे, आणि पुढे डिसेंबरात अमरावती जिल्ह्यातील गाविलगडावर ज्या बंदुकांच्या फैरी झडल्या, त्या ठासणीच्या होत्या. अशा बंदुकांचा नेम कच्चा असे, हे विधान सर्वपरिचित आहे. त्याचे कारण मात्र दारूच्या गुणधर्मात शोधावयास हवे.

काळ्या दारूत सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० भाग असतात. ती जळाल्यावर निम्म्याहून अधिक वजनाचे घन पदार्थ उरतात व त्यांचा थर नळीत बसतो. त्यामुळे पुढची गोळी ठासणे जड जाते. म्हणून सैनिकास नळीहून लहान गोळी देत. भरणी झटपट होई, नेम मात्र जाई.

आजच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ठासणीच्या पिस्तुलाने २५ मीटरांवरून १३ बार काढतात व त्यांतील उत्तम १० धरतात. येथे गोळी तेलकट चिंधीत घट्ट बसवितात. आखूड नळीत दारू वाढविल्यास वेग त्या प्रमाणात वाढत नाही. धक्का व काजळी मात्र वाढते. म्हणून, अन्य गोष्टी कायम ठेवून, केवळ दारूचे माप थोडे थोडे बदलीत जातात व ज्या मापाने गोळ्या सर्वांत जवळजवळ पडतात ते स्वीकारतात.

सारांश, नेम हा हत्याराइतकाच भरणीच्या समानतेचा गुण होय. अडगावच्या बंदुकांना दोष देताना हे विसरून चालणार नाही.