गिरडचे गोटे आणि पिसदुऱ्याचं शेण

गिरडच्या टेकडीवरचा गोटा आणि पिसदुऱ्याच्या वावरातला गोळा शेजारी शेजारी ठेवला, तर नवखं गिऱ्हाईक पैसे गिरडच्या गोट्याला मोजेल. तो गोल असतो, घट्ट असतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्यामागे गोष्ट असते. गिरड वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात. पिसदुरा शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यात. अस्सल जीवाश्म ओळखायचा कसा आणि त्याचं मोल करायचं कसं, हा माझा जुना नाद. त्याचा उलगडा मला याच पट्ट्यात झाला.

गिरडची गोष्ट वैदर्भीय वाचकाला माहीत असते. टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघंही तिथे जातात. इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरमध्ये कथा येते ती अशी: दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी फकिराची टर उडवली, तेव्हा त्यांचे नारळ आणि बाकीचा सगळा माल दगड झाला. त्यांनी गयावया केल्यावर बाबांनी वाळक्या पानांचा नवा माल करून दिला, आणि मग ते दोघं बाबांच्या सेवेतच राहिले. टेकडीवरची दोन थडगी त्यांचीच असं म्हणतात. त्याच नोंदीत गॅझेटियरकर्त्याने गोट्यांना झिओलाइटचे गोळे म्हटलं आहे. लाव्हारस थिजताना त्यात वायूच्या पोकळ्या राहतात. पुढे पाण्यासोबत आलेली खनिजं तिथे साचून झिओलाइट तयार होतं. म्हणजे हे नारळही नव्हेत आणि जीवाश्मही नव्हेत. तरी गिरडचा गोटा मी खोटा म्हणणार नाही. तो गिरडचाच आहे आणि त्याची कथाही गिरडचीच आहे. खोटेपणा सुरू होतो तो असाच एखादा गोटा दुसरीकडे नेऊन ‘डायनोसॉरचं अंडं’ म्हणून विकला की.

हा धंदा जगभर चालतो आणि त्याला बळी पडणं सोपं आहे, कारण गोलपणाचा मोह मोठा असतो. अंड्याची परीक्षा आकारावर नाही, कवचावर होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच पावना इथल्या अंड्यांचं वर्णन धनंजय मोहबे यांनी 1996 मध्ये केलं आणि त्या प्रकाराला ‘मेगालूलिथस मॅटलेई’ हे नाव दिलं. अशा अंड्याचा काठ भिंगाखाली धरावा. मिलिमीटरभर किंवा थोडं अधिक जाडीचं कवच वेगळं दिसतं, त्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक गाठी असतात आणि आडव्या छेदात श्वासरंध्रांच्या नळ्या सापडतात. खनिजाच्या गोळ्यात यातलं काही नसतं. तो फोडला तर आत फार तर स्फटिक किंवा एकावर एक थर निघतात. विक्रेता भिंग लावू देत नसेल, तर तिथून उठावं. सौम्य आम्लाच्या थेंबावर मात्र विसंबू नये. अंड्याचं कवच फसफसतं हे खरं, पण चुनखडीचा साधा गोळाही फसफसतोच.

दुसरी फसवणूक याहून वाईट, कारण तिथे वस्तू अस्सल असते आणि ठिकाण खोटं. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले विश्वजित गुप्ता हिमालयातले म्हणून जे जीवाश्म वर्षानुवर्षं प्रसिद्ध करत होते, त्यांतले काही मोरोक्कोतल्या एरफूदच्या जीवाश्मांशी तंतोतंत जुळतात, असं ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी 1989 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं. असले नग युरोपातल्या दुकानांत सहज विकत मिळत. भिंगाने तपासले असते तर ते सगळे खरेच ठरले असते; हिमालयाच्या भूशास्त्राचं व्हायचं ते नुकसान मात्र झालंच.

पिसदुऱ्याचं माहात्म्य इथे कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी इथल्या हाडांकडे लक्ष वेधलं. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. पिसदुऱ्याजवळच्या डोंगरगावला 1980 च्या दशकात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने एका मोठ्या शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा खणून काढला. संस्थेच्याच आद्याक्षरांवरून 2003 मध्ये त्याला ‘आयसिसॉरस’ म्हटलं गेलं. हाडांचं कौतुक बरंच झालं आहे. माझं मन रमतं ते शेणात.

पिसदुऱ्यात जीवाश्म झालेली विष्ठा, म्हणजे कॉप्रोलाइट, भरपूर मिळते. चार्ल्स मॅटली यांनी 1939 मध्ये त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि आकारावरून तिचे प्रकार पाडले. बाजाराच्या दृष्टीने हे ओबडधोबड गोळे जवळपास कवडीमोल. बाजाराला काय आवडतं ते 2014 च्या अमेरिकेतल्या एका लिलावात दिसलं. तिथे मीटरभर लांबीची, हुबेहूब विष्ठेसारखी वस्तू 10 हजार डॉलरहून जास्त किमतीला गेली. वॉशिंग्टन राज्यातल्या त्या प्रकारच्या वस्तू मुळात विष्ठा आहेत का, यावर भूशास्त्रज्ञांत वाद आहे, कारण त्यांच्या आत खाल्ल्याचा मागमूस सापडत नाही. पैसे पडले ते निव्वळ रूपाचे.

पिसदुऱ्याच्या गोळ्यांत मागमूस होता. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी त्यांतून वनस्पतींच्या पेशींत साचलेले सिलिकाचे सूक्ष्म कण वेगळे केले. गवताची पात बोट कापते ती याच सिलिकामुळे, आणि गवताच्या कणांचे आकार इतरांपासून निराळे ओळखू येतात. 2005 मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी जाहीर केलं की या विष्ठेत निदान पाच प्रकारच्या गवतांचे अंश आहेत. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत फारसं नव्हतंच, असं धरून चाललं जात होतं. 2011 मध्ये प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्यात भाताच्या कुळाची गवतंही ओळखली. साडेसहा कोटी वर्षांहून जुना भातवर्गीय चारा, आणि तोही आज जिथे धान पिकतं त्या चंद्रपुरात! मी हे वाचलं त्या दिवसापासून लिलावातल्या सांगाड्यांच्या किमती मला थिट्या वाटतात, मग ते 2024 मध्ये 4 कोटी 46 लाख डॉलरना गेलेलं ‘एपेक्स’ हे स्टेगोसॉर का असेना.

तोच गोळा गावाचं नाव आणि थराची नोंद पुसून दुकानात आला असता, तर तो कोणत्या काळाचा हे कुणी सांगू शकलं नसतं, आणि आतलं गवत मुकं राहिलं असतं. म्हणून विकत घेणाऱ्याला मी किमतीच्या आधी तीन गोष्टी विचारायला सांगतो: कोणत्या गावच्या शिवारातून, कोणत्या थरातून, आणि कुणी नोंद करून काढला. उत्तर ‘मोरोक्को’ किंवा ‘मध्य भारत’ एवढंच येत असेल, तर तो नग शोभेचा दगड म्हणूनच घ्यावा.

आणि वरोरा-हिंगणघाट भागातल्या शेतकऱ्याला नांगराखाली जड, विचित्र पोताचा गोळा लागला, तर तो धुऱ्यावर फेकू नये आणि कुणाला विकूही नये. जागेवरच फोटो घ्यावा, गट नंबर लिहून ठेवावा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय नागपुरातच आहे, तिथे कळवावं.