भीड भिकेची बहीण!

‘ओळख ना पाळख, त्या माणसाकडे आधी पैसे कसे गं मागायचे? त्याला काय वाटेल?’ आमच्या बचत गटात हा प्रश्न हमखास निघतो. उन्हाळ्यात आम्ही कुरडया, पापड, सांडगे करतो आणि मोबाइलवर फोटो टाकून परगावी विकतो. गिऱ्हाईक कधी पुण्याचं, कधी थेट बंगळुरूचं. पैशांचा हिशेब माझ्याकडे, त्यामुळे फसवायला टपलेल्यांचे फोनही माझ्याच वाट्याला येतात.

त्यातला एक नमुना सांगते. आवाज अगदी अदबशीर. ‘ताई, मी सैन्यात आहे. मेससाठी वीस किलो पापड हवेत.’ चव विचारली नाही, भावात घासाघीस नाही! म्हणाला, ‘खात्री म्हणून आधी एक रुपया पाठवतो.’ रुपया खरंच आला. पाठोपाठ एक क्यूआर कोड आला. ‘हा स्कॅन करा, पिन टाका, की सहा हजार तुमच्या खात्यात!’

मी म्हटलं, ‘स्कॅन कशाला? रुपया आला तसेच बाकीचे पाठवा.’ तर साहेब चिडले. माझ्या जाऊबाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, ‘अगं, फौजी माणूस तो, असा संशय घ्यावा का?’ मी म्हटलं, ‘जाऊबाई, खऱ्या गिऱ्हाइकाला यात रागवायचं काय कारण?’ तेवढ्यात फोन कटसुद्धा झाला.

मैत्रिणींनो, एवढं एकच पक्कं ध्यानात ठेवा. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे द्यायला किंवा शिल्लक पाहायला. पैसे घ्यायला तो कधीच लागत नाही. पिन म्हणजे चेकवरची सही. पैसे घेताना आपण कधी आपल्या चेकवर सही करून देतो का?

दुसरी युक्ती ‘जादा पैसे गेले’ची. पाचशेऐवजी पाच हजार आल्याचा मेसेज दिसतो आणि लगेच रडवेला फोन, ‘ताई, दवाखान्याचे पैसे होते, परत पाठवा ना!’ मेसेज आणि स्क्रीनशॉट दोन्ही खोटे बनवता येतात. आपल्या बँकेच्या अॅपवर किंवा पासबुकात रक्कम जमा दिसली तरच पैसे आले म्हणायचं. नाहीतर सरळ सांगायचं, ‘तुमच्या बँकेत तक्रार करा, बँक बघून घेईल.’

आमच्या गटाचे नियम साधे आहेत. नवं गिऱ्हाईक असेल तर पहिली ऑर्डर लहान घ्यायची. निम्मे पैसे आधी, उरलेले पार्सल बांधून फोटो पाठवल्यावर. पार्सल गेलं की पावती आणि ट्रॅकिंग नंबर लगेच कळवायचा. कारण विश्वास त्यालाही वाटायला हवा. त्याच्या दृष्टीनं अनोळखी आपणच!

स्वतः खरेदी करतानाही हेच. अनोळखी दुकानातून पहिल्यांदा मागवताना वस्तू हातात आल्यावर पैसे द्यायची सोय आहे का पाहा. यूपीआयनं देताना खातेदाराचं नाव दिसतं, ते वाचा. नाव भलतंच असेल तर थांबा. पूर्वी आपण व्ही.पी.नं पुस्तकं मागवायचो. पोस्टमन आधी पैसे घ्यायचा, मगच पार्सल द्यायचा. त्यात कुणाला कधी अपमान वाटला का?

आणि एवढं करूनही कुणी फसलीच, तर? बायका गप्प बसतात. ‘घरचे बोलतील, पुन्हा मोबाइलला हात लावू देणार नाहीत’ ही धास्ती. पण नेमका तोच वेळ मोलाचा असतो. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढे काढून घेतले जाण्याआधी तक्रार पोचली, तर ते अडवता येण्याची शक्यता असते. वस्तू खराब निघाली, दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५.

कष्टानं लाटलेल्या पापडाचे पैसे चोख मागण्यात लाज कसली? आपली भीड हेच या चोरांचं भांडवल आहे, बरं का. तेव्हा हे दोन्ही नंबर आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि घरातल्या सासूबाईंना, लेकीलाही दाखवा.